रोजच्या फोटोंसाठी फोन पुरे की वेगळा कॅमेरा? (आणि आजीचं गोंदण)

गोडांबा | शनिवार, रात्री १०.५०

मंडळी, हा विषय इथे शंभरदा चघळून झाला असणार हे माहितीये, पण शोधल्यावर जे धागे वर आले ते २०१४-१५ चे. त्यातले फोन आता लहान पोरांना खेळायलापण कोणी देत नाही, म्हणून नवीन काढतोय.

माझा फोन चार वर्षांचा झाला, बॅटरी दुपारी तीनलाच मान टाकते. बजेट साठ हजार, घरून मंजूर झालेलं पंचावन्न. तर एक मार्ग असा की पंचावन्नचा चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घ्यायचा आणि गप्प बसायचं. दुसरा असा की वीसचा साधा फोन आणि राहिलेल्या पस्तीसात सेकंडहँड कॅमेरा. फोटो म्हणाल तर रोजचेच. मुलगी सव्वातीन वर्षांची, झोपल्याशिवाय स्थिर नसते. गावाकडे आईवडील आणि आजी. सणवार, रविवारी सिंहगड नाहीतर बनेश्वर, कधीतरी ताटातलं. चॅनल काढायचा नाही, रील करायची नाहीत.

डोक्यात किडा कसा शिरला ते सांगतो. मागच्या महिन्यात गावी गेलो होतो, दुपारी आजी सोप्यात लसूण सोलत बसलेली, उजेड दारातून येईल तेवढाच. फोनवर फोटो काढला, एकदम झकास आला, घरातल्या ग्रुपवर टाकला, अंगठ्यांचा पाऊस. मग आजीला दाखवला. तिने चष्मा लावून फोन लांब धरून जवळ धरून बघितला आणि म्हणाली, "माझं गोंदान कुठं गेलं रं?"

आजीच्या कपाळावर बारीक तुळस आहे आणि हनुवटीवर तीन ठिपके. पंच्याहत्तर-ऐंशी वर्षांचं गोंदण, आता हिरवट फिकं झालंय, सुरकुत्यांत निम्मं लपलेलं. फोटो झूम करून बघतो तर कपाळ लोण्यासारखं गुळगुळीत. हनुवटीवर ठिपके नाहीत, एक पुसट डाग आहे. ब्युटी मोड बंद होता, तीनदा तपासलं. तेव्हापासून जुने फोटो उघडून बघतोय आणि प्रत्येकात काहीतरी पुसलेलं दिसतंय. हा माझा भ्रम आहे का खरंच फोन असं करतात? आणि कॅमेरा घेतल्यावर हे थांबेल का?

शेवपुरी_एक्स्ट्रा_तिखट | शनिवार, रात्री ११.०५

वाचतेय. माझापण अगदी हाच प्रश्न आहे, फक्त बजेट निम्मं.

चौकटराजा७ | शनिवार, रात्री ११.३०

फोन घ्या आणि विषय संपवा. अनुभवाचे बोल ऐका. २०१४ ला मी हौसेने डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घेतला, दोन लेन्स, बॅग, ट्रायपॉड, फिल्टर, सगळा संसार. पहिलं वर्ष प्रत्येक ट्रेकला नेला. दुसऱ्या वर्षी फक्त लग्नांना. तिसऱ्या वर्षीपासून तो कपाटात वरच्या फळीवर आहे आणि दसऱ्याला खाली उतरतो, हळदकुंकू लावून घ्यायला.

आणि मी एकटा नाही. जगात २०१० साली बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कंपन्यांनी बाहेर पाठवले होते, २०२३ साली पाऊण कोटीच्या जरा वर. सोळातले पंधरा गळाले. सगळं जग वेडं नाहीये. गोंदणाचं म्हणाल तर फोन बदला, नवीन फोनमध्ये येईल.

पायमोड | रविवार, सकाळी ७.२०

नवीन फोनमध्ये येईलच असं नाही. उलट जास्त सफाईने जाईल. जरा सविस्तर लिहितो, रविवार आहे, चहा हातात आहे.

तुम्ही बटण दाबता तेव्हा फोन एक फोटो काढत नाही. बटण दाबायच्या आधीपासून तो फ्रेम गोळा करत असतो, त्यातल्या पाच-दहा एकावर एक बसवतो, त्यांची सरासरी काढतो आणि त्यातून एक चित्र तयार करतो. गूगलने २०१३ ला नेक्सस फाईव्हवर एचडीआर प्लस म्हणून हे आणलं, आज सगळेच करतात. कमी उजेडात प्रत्येक फ्रेममध्ये दाणेदाणे असतात, ते घालवायला सॉफ्टवेअर ठरवतं की हा खरा तपशील आणि हा नुसता कचरा. आता आजीचं गोंदण म्हणजे काय, तर सावळ्या त्वचेवर फिकट हिरवं, कडा पसरलेल्या, आजूबाजूच्या रंगापेक्षा किंचित वेगळं. सॉफ्टवेअरला ते आणि कचरा सारखंच दिसतं. झाडू फिरला की दोन्ही गेलं. ब्युटी मोडशी याचा काही संबंध नाही.

मुळात हे सगळं करावं का लागतं? भोक लहान म्हणून. चांगल्या महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ सात मिमीच्या आसपास असते आणि अपर्चर एफ १.८ धरा, म्हणजे उजेड आत यायचं दार सात भागिले १.८, जेमतेम चार मिमीचं. ज्वारीचा दाणा. पस्तीस मिमीची साधी एफ १.८ लेन्स घेतली तर तेच दार साडेएकोणीस मिमी, म्हणजे एक रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं लहान. मागे सेन्सरचं, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपचं, तेच. बहुतेक महागड्या फोनचा मोठा म्हणून मिरवतात तो साधारण दहा बाय सात-साडेसात मिमी. जुन्या क्रॉप सेन्सर (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरच्या) डीएसएलआरचा साडेतेवीस बाय साडेपंधरा. क्षेत्रफळ पाचपट. काही फोनवाले एक इंची सेन्सर म्हणून जाहिरात करतात तो एक इंच कुठूनच नसतो बरं का, तेरा बाय नऊ मिमीचा असतो, ते नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्याच्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून चालत आलंय. सोनाराने तोळ्याला असं माप लावलं तर दुकान फुटेल.

पण पैसे खर्च करायच्या आधी फुकटातला उपाय करून बघा. फोनमध्ये प्रो मोड असेल तर त्यात रॉ चालू करा, म्हणजे सेन्सरवर आलेला कच्चा फोटो जसाच्या तसा मिळतो. रॉमध्ये झाडू फिरत नाही किंवा कमी फिरतो. दाणे दिसतील, पण गोंदण कदाचित त्यात सापडेल.

शेवपुरी_एक्स्ट्रा_तिखट | रविवार, सकाळी ७.४१

ज्वारीचा दाणा 😄 आता फोनकडे बघताना तेच आठवणार.

कराडकर_फोटोवाला | रविवार, दुपारी २.१५

आमचा धंदाच हा. लग्न, बारसं, वास्तुशांत, पंचवीस वर्षं झाली. आता दोन्हीकडून बोलतो.

पहिलं म्हणजे घरी मी पण फोननेच काढतो. बायको म्हणते, लोकाच्या पोरांचे एवढ्या लेन्सा लावून आणि स्वतःच्या पोराचा मोबाईलवर? पण खरंय ते. सकाळी पोरगं दात घासताना काहीतरी करतंय तर बॅगेची चेन उघडेपर्यंत ते आंघोळीला गेलेलं असतं.

पण फोन कुठं फसतो ते आमच्याइतकं कोणी बघत नसेल, कारण लोकं अल्बमसाठी स्वतःचे फोटो आणून देतात ना. एक, मुंडावळ्या. पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेला नवरीचा फोटो बघा. चेहरा छान, पाठीमागचं धूसर, आणि मुंडावळीचा कानाजवळ लोंबणारा सर अर्धा मोत्यांचा अर्धा धुक्यात. फोनला वाटतं तो सर मागच्या भिंतीचा भाग आहे. नथीच्या आकड्याचं तेच, सुटलेल्या केसांचं तेच. आत्ता हल्लीच एका नवरीची नथ आली होती नाकापासून तुटलेली, नुसता मोत्यांचा घोस गालावर तरंगतोय. ती बिचारी म्हणती, अल्बममध्ये हाच मोठा करा.

दोन, ग्रुप फोटो. वीस जण ओळीत उभे करायचे आणि फोन जवळून धरायचा, जागा नाही म्हणून. कडेच्या काकू दीडपट रुंद येतात. हे लेन्सचंच गणित आहे, वाईड असली की कडा ताणल्या जातात, पण काकूंना कोण सांगणार. चार पावलं मागं जा आणि दोन एक्स करा, एवढं केलं तरी घरातली निम्मी भांडणं मिटतील.

तीन, कार्यालयातला उजेड. आता सगळीकडे स्वस्तातले एलईडी, डोळ्याला दिसत नाही पण लुकलुकतात, फोटोत आडवे पट्टे येतात. ते मात्र कॅमेऱ्यात पण येतात, शटर शंभराला ठेवलं की जातात. आणि अक्षता पडतानाचा क्षण. फोन चार फ्रेम एकात मिसळतो, अक्षता शेपट्या लावून पडतात. आम्ही फ्लॅश छताकडे करून मारतो, एकेक तांदूळ हवेत थांबतो. फोनचा फ्लॅश म्हणजे तोंडावर टॉर्च.

सगळ्यात मोठं दुखणं व्हॉट्सॅपचं. फोन लाखाचा असो, फोटो साधा पाठवला की लांब बाजू सोळाशे पिक्सेलच्या आसपास उतरते. अल्बमच्या अठरा इंचावर ते पसरले तर इंचाला नव्वदसुद्धा येत नाहीत, छपाईला आम्ही तीनशे धरतो. एचडीचं बटण २०२३ पासून आलंय, कोणी दाबत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा हो, हात जोडून सांगतो.

चौकटराजा७ | रविवार, दुपारी ३.००

म्हणजे शेवटी रोजच्याला फोनच. मी हेच म्हणत होतो.

कराडकर_फोटोवाला | रविवार, दुपारी ३.०४

दात घासताना फोन. अक्षता पडताना कॅमेरा. तुम्ही अर्धंच वाचलं.

तिरफळ | रविवार, संध्याकाळी ६.३०

कॅमेरा घ्या म्हणून सगळे सांगतील, पावसाळ्यात त्याचं काय करायचं ते कोणी सांगत नाही. आम्ही मालवणात राहतो. इथे जूनमध्ये चपलेला बुरशी येते, पट्ट्याला येते, लग्नाच्या कोटाला येते. लेन्स कपाटात बॅगेत चेन लावून ठेवली आणि गणपतीला काढली तर आत कोळ्याने जाळं विणल्यासारखे पांढरे धागे. बुरशी काचेवरचं कोटिंग खाते, साफ केली तरी तिचा डाग राहतो. माझी एक लेन्स अशी गेली, रडू आलं होतं.

उपाय महाग नाही. झाकणाला रबर असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटं आर्द्रता मोजायचं यंत्र, काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये राहायला हवा. आणि सगळ्यात चांगलं औषध म्हणजे वापरणं. लेन्सला ऊनवारा लागला की बुरशी धरत नाही. चौकटराजा, तुमची दसऱ्याला खाली उतरणारी लेन्स एकदा टॉर्च मारून बघा.

मोगरा_फुलला_नाही | रविवार, संध्याकाळी ६.५२

आम्ही तांदळाच्या डब्यात ठेवतो. चालतं की!

तिरफळ | रविवार, संध्याकाळी ७.१०

नको ताई! तांदळाचं पीठ लेन्सच्या फटीत जातं आणि बुरशीला तेच तर हवं असतं, आयतं जेवण. सिलिकाच पाहिजे. आणि सिलिका ओली झाली की लोकं कढईत भाजून परत वापरतात, तेही बघून करा. निळ्याचे गुलाबी होणारे दाणे असतील तर त्यात कोबाल्ट असतं, स्वैपाकाच्या कढईत घालू नका.

मोगरा_फुलला_नाही | रविवार, संध्याकाळी ७.१४

अरे देवा. लगेच काढते.

चौकटराजा७ | रविवार, रात्री ९.४०

टॉर्च मारून बघितलं. यावर बोलायचं नाही.

संत्रीबर्फी | सोमवार, सकाळी १०.२०

नागपूरवरून नमस्कार. इथे जंगलाचा विषयच निघून नाही राहिला, म्हणून मी काढतो. ताडोब्यात कोअरमध्ये (जंगलाच्या आतल्या भागात) मोबाईल नेऊच देत नाहीत. म्हणजे लाखाचा फोन असला तरी वाघ डोळ्यानेच पाहायचा. मग माझ्यासारखे लोक काय करतात, तर सुपरझूम. माझ्याकडे निकॉनचा पी ९०० आहे, २०१५ चा, त्र्याऐंशी पट झूम, दोन हजार मिमीच्या बरोबरीचा. तळ्याच्या त्या काठावरच्या मगरीचा डोळा दिसते.

पण मजा अशी आहे की त्याचा सेन्सर चांगल्या फोनपेक्षाही लहान आहे. सकाळी सहाला सफारी सुरू होते तेव्हा त्याच्यातून वाघ काढला तर वाघ कमी आणि पुरणाचा गोळा जास्त दिसते. ऊन वर आलं की मग राजा. तर वेगळा कॅमेरा म्हणजे मोठा सेन्सर असं डोळे मिटून समजू नका. डबा मोठा म्हणून लाडू मोठा नसतो.

हो, चंद्र पण काढतो मी त्याने. खरा चंद्र. 😉

पायमोड | सोमवार, सकाळी १०.४५

"खरा चंद्र" वरून आठवलं. मार्च २०२३ मध्ये रेडिटवर एकाने गंमत केली होती. चंद्राचा फोटो मुद्दाम बारीक आणि धूसर करून, खड्डे वगैरे पार घालवून, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लावला, खोलीत अंधार केला आणि लांबून सॅमसंगच्या फोनने झूम करून त्याचा फोटो घेतला. फोटोत खड्डे आले! स्क्रीनवर नव्हतेच, तरी आले. कंपनीने मग समजावून सांगितलं की फोन चंद्र ओळखतो आणि शिकवलेल्या मॉडेलच्या आधारे तपशील वाढवतो, नको असेल तर सीन ऑप्टिमायझर बंद करा.

म्हणजे बघा, चंद्राला नसलेले खड्डे दिले आणि आजीला असलेली तुळस नाही दिली. कारण चंद्र जगात एकच, सगळ्यांना एकच बाजू दाखवतो, मशीनला पाठ करायला सोपा. आजीचं कपाळ कोणी शिकवलेलंच नाही त्याला.

गोडांबा | सोमवार, रात्री १०.१५

पायमोड, हे वाचून दोन मिनिटं नुसता बसून होतो. आणि तिरफळ यांचं वाचून कपाटातली घडीची छत्री पण उघडून बघितली.

पण आता कॅमेऱ्याविरुद्ध एक मुद्दा मीच मांडतो. आमच्या घरात एक चुलतभाऊ आहे, त्याच्याकडे भारी कॅमेरा आहे. माझ्या लग्नात, मुलीच्या बारशाला, बाबांच्या साठीला सगळे म्हणाले की तो काढतोय ना, मग आपण कशाला. बाबांच्या साठीला चार वर्षं झाली. ते फोटो अजून "एडिट करून टाकतो" मध्ये आहेत. घरात त्या दिवसाचा एक फोटो आहे, मावशीने फोनवर काढलेला, अर्ध्यात तिचं बोट. मला भीती ही आहे की कॅमेरा घेतल्यावर मी पण तसाच होईन.

शेवपुरी_एक्स्ट्रा_तिखट | सोमवार, रात्री १०.२०

हा भाऊ प्रत्येक घरात असतो!!

मोगरा_फुलला_नाही | सोमवार, रात्री १०.३१

आमच्याकडे तो दीर आहे.

कराडकर_फोटोवाला | सोमवार, रात्री ११.००

पैसे दिल्याशिवाय फोटो येत नाहीत हो. धंद्याचं पहिलं तत्त्व.

अप्पा_छत्तीसचा_रोल | मंगळवार, सकाळी ६.०५

मी वयाने इथे बहुतेक सर्वांत मोठा. माझा पहिला कॅमेरा अ‍ॅग्फा क्लिक थ्री, बडोद्याला बनायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. पुढे छत्तीसचे रोल आले, आणि कॅमेऱ्यात नीट भरला तर सदतिसावा फोटो फुकट निघायचा, त्याचा आनंद बोनस मिळाल्यासारखा. गणपतीत रोल भरायचा, दिवाळीपर्यंत संपवायचा, मग धुवायला टाकायचा. मधल्या दोन महिन्यांत काय काढलं ते विसरलेलं असायचं. पाकीट उघडताना अर्धे गेलेले, दोन हललेले, एकात माझाच अंगठा.

आता माझ्या फोनमध्ये एकतीस हजार फोटो आहेत. नातीचे वय वर्षे पाच. तिचा एकही फोटो भिंतीवर नाही. मी माझ्या पाचव्या वर्षीचा एकच फोटो पाहिला आहे, स्टुडिओत तिरक्या टोपीतला, तो सगळ्या घराला पाठ आहे.

गंमत म्हणजे पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच माणसाने केला होता, स्टीव्ह सॅसन, १९७५ साली. साडेतीन किलोचा, एक फोटो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद. कंपनी रोल विकत राहिली आणि २०१२ साली दिवाळखोरीत गेली. असो, म्हातारपणी विषय भरकटतो. गोडांबा, काहीही घ्या पण छापा. मॅक्सी साईजमध्ये का होईना.

पायमोड | मंगळवार, सकाळी ८.३०

अप्पा 🙏 फक्त तुमच्या त्या रोलमध्ये पण झाडू होता बरं का. स्टुडिओवाले निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने सुरकुत्या भरायचेच की.

अप्पा_छत्तीसचा_रोल | मंगळवार, सकाळी ८.५५

भरायचे. आमच्या सौ. चा लग्नाआधी मुलगी दाखवायचा फोटो तसाच होता. पण विचारून भरायचे.

रानभूल | मंगळवार, दुपारी १२.१०

कॉलेजमध्ये शिकते, म्हणून वेगळा अँगल. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्या जणी आईबाबांचे २००७-०८ चे छोटे डिजिकॅम कपाटातून शोधून वापरतायत. फोटो टेक्निकली वाईट असतात, फ्लॅश तोंडावर फाटतो, पण तेच छान वाटतं. फोनवर सगळ्यांचे फोटो सारखेच दिसतात. सेकंडहँड बाजारात त्यांचे भाव पण वाढलेत म्हणे. काका लोकांनो, भंगारात देऊ नका.

संत्रीबर्फी | मंगळवार, दुपारी १२.४०

ज्या फोटोंना आम्ही नाव ठेवत होतो ते आता फॅशन. आमचं तारुण्य परत करा.

पायमोड | मंगळवार, रात्री ९.००

गोडांबा, घेणारच असाल तर पस्तीसात काय बघा ते सांगतो. मिररलेस (आत आरसा नसलेला नवा प्रकार) नवीन येणार नाही एवढ्यात. जुना क्रॉप डीएसएलआर मात्र आरामात. निकॉन डी ५३०० घ्या, २०१३ चा आहे, चोवीस मेगापिक्सेल, वळणारा स्क्रीन, वायफाय आहे म्हणजे फोनवर लगेच फोटो घेता येतो, चुलतभाऊ व्हायचा धोका कमी. सोबत किट लेन्स (बॉडीबरोबर मिळते ती) नको, पस्तीस एफ १.८ जी, डीएक्सवाली, म्हणजे क्रॉप सेन्सरसाठीची. फक्त एक फसगत टाळा. पन्नास मिमीची जुनी "डी" लेन्स स्वस्तात दाखवतील. या बॉडीत फोकसची मोटर नाही, तिच्यावर ऑटोफोकस चालणार नाही, हाताने फिरवत बसाल आणि तोवर मुलगी लग्नाची होईल.

दुकानात गेल्यावर लेन्स काढायला लावा, दोन्ही बाजूंनी टॉर्च मारून बघा. शटर किती वेळा पडलंय ते विचारा नाहीतर एक फोटो काढून स्वतः तपासा, या वर्गातल्या शटरची अपेक्षा साधारण एक लाखाची असते. आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो अपर्चर पूर्ण बारीक करून काढा, सेन्सरवरचे डाग लगेच कळतात. मुंबईला असाल तर फोर्टात बोरा बझार आहेच, पण चार दुकानं फिरा, पहिल्यातच पाकीट काढू नका.

चौकटराजा७ | मंगळवार, रात्री ९.३०

माझा घ्या. एक लेन्स सोडून सगळं उत्तम आहे.

तिरफळ | मंगळवार, रात्री ९.३२

😂😂

(तीन आठवड्यांनी)

गोडांबा | रविवार, रात्री १०.२५

अपडेट द्यायचं राहिलं होतं. शेवटी डी ५३०० आणि पस्तीस घेतला, सेकंडहँड, एकोणतीस हजाराला सौदा पटला. शटर बावीस हजार. टॉर्च मारायला लागलो तसा दुकानदार म्हणाला, "इंटरनेटवर वाचून आलात वाटतं." फोन वीसचा घेतला, ठीक आहे.

पहिला आठवडा अगदी वाईट गेला. मुलीचे साठ फोटो काढले, त्यात चार बरे. फोकस मागच्या शोकेसवर, नाहीतर कानावर. फोनवर हे सगळं आपोआप व्हायचं, त्याची किंमत तेव्हा कळली. आणि दोन खोल्यांच्या घरात पस्तीस मिमी म्हणजे पाठ भिंतीला टेकते तरी पोरगी फ्रेममध्ये मावत नाही. व्हिडिओ तर फोननेच काढतोय, कॅमेऱ्याचा तो हलतो, फोकस शोधत बसतो.

मग मागच्या शनिवारी गावी गेलो. सोप्यात, त्याच दुपारी, त्याच उजेडात. पण मोठा कॅमेरा बघितल्यावर आजी लसूण टाकून आत गेली. पंधरा मिनिटांनी ठेवणीतलं इरकली नेसून, डोक्यावरून पदर घेऊन बाहेर आली, खुर्ची मागवली, दोन्ही हात गुडघ्यावर आणि चेहरा आधारकार्डासारखा. हस म्हटलं तर म्हणते, "फोटूत हसत्यात व्हय?" तिच्या हिशोबाने एवढा कॅमेरा म्हणजे फोटोग्राफर आलाय, आणि फोटोग्राफर समोर असला की असंच बसायचं असतं. फोनकडे ती कधी बघतपण नाही.

तर फोटो कडक आलाय, म्हणजे दोन्ही अर्थांनी. पण गोंदण आलंय. तुळशीची पानं मोजता येतात, खालचं वृंदावन पण आहे, मला लहानपणापासून ते वृंदावन आहे हेच माहीत नव्हतं, नुसती रेघ वाटायची.

आणि आता पायमोड यांच्यासाठी. जुन्या फोनने रॉमध्ये पण काढला. त्यात पण गोंदण आलं. दाणेदाणे आहेत, वृंदावन नाही दिसत, पण तुळस आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

चौकटराजा७ | रविवार, रात्री १०.३१

एकोणतीस हजार. मी काही बोलत नाही.

पायमोड | रविवार, रात्री १०.४०

सांगू नका.

अप्पा_छत्तीसचा_रोल | सोमवार, सकाळी ६.१०

आजींनी पाहिला का?

गोडांबा | सोमवार, सकाळी ९.१५

अप्पा, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दाखवला, तिला एवढ्याशा काचेत काही दिसेना. म्हणून तालुक्याला एका स्टुडिओत पेनड्राईव्ह दिला, म्हटलं आठ बाय बारा काढून द्या. तासाभराने गेलो, पाकीट उघडलं, कागद भारी, रंग छान. कपाळ स्वच्छ!

पोरगा खुशीत म्हणतो, "डाग होते ते सगळे क्लीन करून दिलेत दादा, त्याचे एक्स्ट्रा नाही घेतले."

कराडकर_फोटोवाला | सोमवार, सकाळी ९.४०

आईशप्पथ. पण त्या पोराला दोष देऊ नका हो. आमच्याकडे दहातले नऊ जण सांगतातच, जरा उजळ करा, डाग काढा. न विचारता करायची सवयच पडती हाताला. मी पण कितीक आज्यांचे काढले असतील आता काय सांगू.

शेवपुरी_एक्स्ट्रा_तिखट | सोमवार, सकाळी ९.४४

मग पुढे काय केलंत?

गोडांबा | सोमवार, दुपारी १.३०

परत दिला. पाकिटावर स्केचपेनने लिहून घेतलं, "कपाळाला हात लावू नये". उद्या मिळणार आहे, वडील जाऊन आणतील. पहिली प्रिंट पण त्याने परत घेतली नाही, ती मोठ्या आत्याला आवडली आहे.